तळ्याची माखणी

एका डोंगराच्या कुशीत दाट रान होते. त्या रानात रानडुकरांचा एक मोठा कळप पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. जवळच एक तळे होते. पळस फुलला, पाणी काठापासून आत सरकले, की डुकरांचा वर्षाचा सण येई. त्या सणाला ती माखणी म्हणत. लहानथोर सगळी काठच्या चिखलात यथेच्छ लोळत, अंगावर चिखलाचा जाड थर घेत आणि एका रांगेने टेकडी चढून पलीकडच्या माळावर जात. तिथल्या झाडांना अंग घासून चिखल उतरवायचा आणि पुन्हा तळ्याकडे यायचे. असे आठ दिवस चाले. वाटेत कोणी अंग झटकले, की म्हातारी डुकरे लगेच डोळे वटारत. का झटकायचे नाही, हे मात्र कोणी सांगत नसे. रीत म्हणजे रीत!

एके वर्षी कळपाची नायकीण वारली आणि तिची लेक नायकीण झाली. लेक हुशार, कष्टाळू, सगळ्यांवर जीव टाकणारी. पण मुलांनो, तिला एक खोड होती. लोक काय म्हणतील, याचा तिला फार घोर! माखणीच्या रांगेत ती पहिल्यांदाच सर्वांच्या पुढे चालत होती, आणि नेमका तेव्हाच उंबराच्या फांदीवर बसलेला मोर खो खो हसला.

"अरे वा! निघाली का चिखलाची वरात?" मोर म्हणाला. "अहो नायकीणबाई, शोभतं का हे तुम्हाला? जरा नदीवर जा, स्वच्छ आंघोळ करा. चार लोकांत उठून दिसाल!"

नायकिणीला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने मान खाली घातली ती माळ येईपर्यंत वर केली नाही. पुढच्या वर्षी पळस फुलला, तेव्हा तिने कळपाला बजावले, "यंदापासून माखणी बंद. सणाला सगळ्यांनी नदीवर जायचं आणि स्वच्छ आंघोळ करून यायचं."

कळपातली सर्वांत म्हातारी डुकरीण ही नायकिणीची मावशी. ती लंगडत पुढे आली. "अगं पोरी, असं नको करूस. तुझ्या आजीच्या आजीपासून चालत आलंय हे."

"पण का, मावशी? एवढा चिखल टेकडीपलीकडे नेऊन टाकायचा, त्यानं होतं तरी काय?"

मावशी गोंधळली. "ते नाही बाई मला ठाऊक. आईनं शिकवलं, मी करत आले."

"झालं तर मग!" असे म्हणून नायकीण नदीच्या वाटेला लागली.

तीन वर्षे डुकरे नदीवर न्हाऊन आली. मोराने प्रत्येक वेळी तोंडभरून कौतुक केले आणि नायकीण मनातून सुखावली. दर पावसाळ्यात डोंगरावरून गढूळ पाण्याचे लोट येत, तळे काठोकाठ भरे. वरून बघणाऱ्याला सगळे जिथल्या तिथे दिसे. चौथ्या वर्षी मात्र पळसाची फुले पुरती गळालीही नव्हती, तोच तळे आटले. राहिला तो मधोमध चार हात चिखल. पिल्ले तो चिखलच चाटू लागली. नायकिणीचे धाकटे पिल्लू तर सावलीत आडवे पडले आणि हाक मारली तरी उठेना.

"हे रान सोडू या," थोरली डुकरे म्हणाली.

"नदी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे," नायकीण रडवेली होऊन म्हणाली. "या उन्हात पिल्लं तिथवर पोचतील का? आणि मावशी?"

"माझं सोड गं," मावशी म्हणाली. "पिल्लांचं बघ."

नायकीण तळ्यात उतरली. कुठे थोडे पाणी मिळतेय का, म्हणून हुंगत फिरू लागली. फिरता फिरता तिच्या नाकाला दगड लागला. तिने चिखल बाजूला केला आणि ती थबकलीच. हा तर तिच्या लहानपणचा खडक! याच्यावर चढून ती पाण्यात उड्या मारायची. तेव्हा हा खडक तिच्या आईपेक्षा उंच होता, आणि आता त्याचा माथासुद्धा चिखलाखाली गेला होता.

"खडक काही खाली गेला नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "चिखल वर आलाय! दर पावसात येतो, आणि दर वर्षी आपण तो बाहेर नेत होतो. अरे देवा, काय करून बसले मी!"

तिने साऱ्या कळपाला हाक मारली. "चूक माझी आहे," ती भर उन्हात सर्वांसमोर म्हणाली. "मी लोकांच्या हसण्याला भ्याले आणि आपलं तळं बुजवलं. या, माखणी करू या!"

मोर वरून बघत होता, पण तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती चिखलात लोळली, टेकडी चढली, माळावर अंग घासून परत आली. मागोमाग सगळी आली. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा! खडकाच्या बुडाशी त्यांनी नाकाने उकरून उकरून खोल खड्डा केला. दुपार कलली तशी तळाशी ओली वाळू लागली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागले. चिखलाखाली दबून गेलेला झरा मोकळा झाला होता. नायकिणीने धाकट्याला ढकलत ढकलत तिथवर आणले. ते चुटूचुटू पाणी प्याले, थोड्या वेळाने कान हलवून उभे राहिले, आणि आईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मोरही खाली उतरला. त्याचाही घसा कोरडा पडला होता. "मीही घोटभर घेऊ का?" त्याने हळूच विचारले.

"घ्या की," नायकीण म्हणाली. "पण पिल्लांचं झाल्यावर."

संध्याकाळी मावशी तिच्याजवळ येऊन बसली. "पोरी, तू तेव्हा कारण विचारलंस. मला ते सांगता आलं असतं, तर तू माखणी मोडली नसतीस."

"आणि मी ते शोधायला थोडी थांबले असते, तर धाकटं मरणाच्या दारात गेलं नसतं," नायकीण म्हणाली.

मग तिने सगळ्या पिल्लांना खडकाभोवती बसवले आणि तो कसा बुडाला, हे पहिल्यापासून सांगितले.

तात्पर्य : ज्या रीतीने आपली भूमी आणि आपली माणसे जगतात, ती कोणाच्या हसण्यापायी सोडू नये, आणि मुलांना रीत देताना तिचे कारणही द्यावे.