धुरातला होकार

राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांच्या धुपाची झुळूक लागली, की माणूस ढगांवर तरंगू लागे. तो धूप पेटवूनच त्यांनी रुग्णांना विचारलं, "कुणालाच न दिलेलं नवं औषध तुमच्यावर करून पाहू?" सगळ्यांच्या माना डुलल्या.

त्यांत सगुणाची बहीण होती. सगुणा तडक दरबारात तक्रार घेऊन गेली.

"होकार घेतलाय मी!" शास्त्रीबुवा गरजले.

"मग महाराज, तो धूप शास्त्रीबुवांपुढं पेटवा."

"पेटवा की!" शास्त्रीबुवा तोऱ्यात म्हणाले.

निळसर धूर पसरला. खांब पाण्यातल्यासारखे हलू लागले. शास्त्रीबुवांचे डोळे मिटले. तोंडाला पदर लावून सगुणानं हळूच विचारलं, "ते औषध आधी तुम्हीच घेता ना?"

मान डुलली.

धूर विरला. औषधाचा पेला ओठांना लागताच शास्त्रीबुवा किंचाळले, "अगं, मी झोपेत होतो!"

सगुणा म्हणाली, "माझी बहीण तरी कुठं जागी होती?"