कुलपातले सौर दिवे

एका संध्याकाळी सात वाजता, वीज नसलेल्या माळावरच्या छावणीत हत्तीसाहेबांनी नव्या सौर दिव्यांची फीत कापली. एकही दिवा लागला नाही. अंधारात ठेचकाळून मुंगसाचा पाय मोडला.

"स्वस्तातला माल आणला की असंच होणार," छावणीप्रमुख कोल्हा म्हणाला आणि दिवे निवडणाऱ्या सशिणीला त्याने तिथेच कामावरून काढले.

"साहेब, दिवे आठ दिवस तुमच्या कुलपात होते," सशीण म्हणाली. "'आम्हाला उन्हात ठेवा,' म्हणून ते आतून रोज ओरडत होते."

"उद्घाटनाआधी बाहेर काढायचे?"

"मग ऊनही हत्तीसाहेबांच्याच हस्ते सोडायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दिवे उन्हात ठेवले आणि ते रात्रभर लख्ख जळले. आता त्याच उजेडात कोल्हा जेवतो. सशिणीला मात्र अजून कोणी परत बोलावलेले नाही.