लाल दोऱ्याची काकडी

मुलांनो, एका माळावरच्या ओढ्याकाठी जांभळीच्या मुळांखाली बीळ करून अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे. पायाने ती मंद होती, पण एकदा मनात घेतले की माघार नाही. तिला दोन पिल्ले होती. खरे म्हणजे तीन होती. मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा ती पिल्लांना घेऊन लांबच्या तळ्यावर पाण्याला जाऊ लागली, आणि तळ्याच्या वाटेवर बिबट्या बसलेला असे. तिसरे पिल्लू त्या वाटेवरून परत आले नाही. साळू फार रडली. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात माझी पिल्लं तळ्यावर जाणार नाहीत. ओढ्यात पाणी नसलं तर पाण्यानं भरलेलं काहीतरी मी घरात आणीन."

असे काहीतरी म्हणजे काकडी, हे तिला मैनेने सांगितले. मैना पलीकडच्या मळ्यात येऊन-जाऊन असे, त्यामुळे तिथली बित्तंबातमी तिच्या चोचीवर. मळ्याच्या बांधावर सांडलेले गुलाबी रंग लावलेले बी तिने एकेक करून आणून दिले. "हे संकरित बी आहे बरं का, साळूताई," ती म्हणाली. "दोन चांगल्या जातींची जोडी जुळवून काढलेलं. मळेवाले दर हंगामाला नवं विकत आणतात."

"विकत कशाला? काकडीच्या पोटात बी असतंच की," साळू म्हणाली.

"ते काही मला ठाऊक नाही. पाहिलं तेवढं सांगितलं," असे म्हणून मैना उडून गेली.

थंडी सरली, ओढ्याची धार बारीक झाली आणि वाळू उघडी पडली. वाळू वरून कोरडी दिसली तरी खाली कितीतरी दिवस ओल धरून असते. प्यायला त्या ओलीचा उपयोग नाही, पण मुळांना ती पुरते. साळूने पुढच्या पायांनी खोल खड्डे उकरले, माळावर पडलेल्या शेळ्यांच्या लेंड्या गोळा करून त्यांत भरल्या आणि बी टोकले. वेल वर आले तसा त्यांना बोरी-बाभळीच्या काटक्यांचा आधार दिला. नख्या झिजल्या, पाठ धरली, तरी ती एक दिवस थांबली नाही. शेवटी पिवळी फुले आली आणि फुलांमागे बोटाएवढ्या हिरव्यागार काकड्या लोंबू लागल्या.

आता त्या माळाची एक रीत होती. कुणीही काहीही लावले, तरी वेलाचे पहिले फळ तोडायचे नाही. देवळामागे सापडणारा लाल दोरा त्याच्या देठाला बांधायचा आणि ते बियाण्यासाठी राखायचे. ही रीत सांभाळायचा मान कोल्ह्याचा. तो कधी स्वतः खड्डा खणत नसे, पण दोरा बांधायला सगळ्यांच्या आधी हजर. "साळूबाई, फळ लाखात एक आहे," असे म्हणत त्याने वेलावेलाला दोरे बांधले. फक्त टोकाचा एक वेल राहिला, कारण त्याचे पहिले फळ वानराने केव्हाच पळवले होते. त्यानंतरही वानर रोज पहाटे यायचा आणि त्याच वेलावरच्या कोवळ्या काकड्या खाऊन जायचा. साळू त्याला रोज शिव्या घालायची.

सुरुवातीला काकड्या पुष्कळ निघाल्या. मग ऊन वाढले. दोऱ्याच्या काकड्या फुगून दुधीएवढ्या झाल्या, पिवळ्या पडू लागल्या, आणि माळावरचे सगळे त्या बघायला येऊ लागले. साळूलाही अभिमान वाटायचा, का वाटू नये? पण त्या जसजशा पिकत गेल्या तसतशी वेलांवरची नवी फुले गळू लागली. पाने निस्तेज झाली. बिळातला साठा संपत आला आणि ओढ्यात तर थेंब नव्हता. एका सकाळी धाकटे पिल्लू सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "आई, आपण तळ्यावर कधी जायचं?"

साळू तडक ओढ्याच्या पात्रात आली, तो टोकाच्या वेलाजवळ वानर. सगळा राग तिने त्याच्यावर काढला. "मेल्या, माझ्या लेकरांच्या तोंडचं पळवतोस?"

वानर लांब सरकला, पण काकडी त्याने सोडली नाही. "माझ्यावर कशाला चिडतेस गं? मी रोज नेतो आणि हा वेल रोज नव्या देतो. बाकीच्या वेलांना तर मी हातही लावला नाही. ते का रुसलेत ते त्यांना विचार."

साळू पुढे काही बोलणार होती, पण तिची नजर त्या वेलावर गेली. रोज लुटला जाणारा तो वेल फुलांनी गच्च होता. राखलेले वेल मात्र माना टाकून उभे होते. ती एका वेलापासून दुसऱ्या वेलापर्यंत पुन्हा पुन्हा फिरली आणि तिला उमगले. फळ पिकले, त्यात बी भरले, की वेलाला आपले काम झाले असे वाटते. मग तो पुढे फळ धरायचे थांबतो. त्याला थांबू द्यायचे नसेल, तर फळ कोवळे असतानाच काढले पाहिजे.

ती पहिल्या वेलाशी गेली आणि दोऱ्याच्या काकडीचे देठ तिने दातांनी कुरतडले. तेवढ्यात कोल्हा धावत आला. "साळूबाई, रीत मोडतेस? पुढच्या वर्षी पेरशील काय?"

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, कोल्होबा," साळू म्हणाली. "ही दोघं या वर्षी जगली पाहिजेत." आणि एकही न ठेवता तिने सगळ्या दोऱ्याच्या काकड्या उतरवल्या. दोरे तेवढे सोडवून स्वतःकडे ठेवले. कोल्ह्याने त्या पिवळ्या काकड्या बियाण्यासाठी जपून घरी नेल्या.

थोड्याच दिवसांत वेलांना पुन्हा फुले आली. साळू रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, कोवळ्या काकड्या देठाचा तुकडा ठेवून तोडू लागली. बिळाच्या सर्वांत थंड कोपऱ्यात ओलसर वाळूवर त्या पानांनी झाकून ठेवायची आणि जुनी आधी, नवी मागून, अशी खायला द्यायची. एकदा थोरल्याने कुठूनसा पिकला आंबा आणून ढिगात ठेवला, तर शेजारच्या काकड्या पिवळ्या पडल्या. तेव्हापासून पिकल्या फळाला त्या कोपऱ्यात बंदी झाली. टोकाचा वेल तिने वानराला देऊन टाकला, पण "एकही पिकू द्यायची नाही" अशी ताकीद देऊन. ओढा पुन्हा वाहू लागेपर्यंत पिल्लांना तळ्याची वाट धरावी लागली नाही.

दुसऱ्या वर्षी कोल्ह्याने मोठ्या थाटात आपले बी लावले. वेल आले, पण एकाची काकडी आखूड, दुसऱ्याची वाकडी, तिसऱ्याची इतकी कडू की कोल्हा दिवसभर जीभ घासत बसला. संकरित बियांची पुढची पिढी अशीच निघते. मळेवाले दर हंगामाला नवे बी का आणतात ते त्याला तेव्हा कळले. साळूच्या पात्रात मात्र मैनेने आणलेले नवे गुलाबी बी उगवून वर आले होते.

कोल्हा तिथे आला आणि ओशाळून म्हणाला, "साळूबाई, रीत गेली ती गेली. निदान ते लाल दोरे तरी कुठं आहेत?"

साळूने मानेनेच दाखवले. ओढ्याच्या उरलेल्या पाण्यात तिची दोन्ही पिल्ले खेळत होती, आणि दोघांच्या पाठीवर, काट्यांना घट्ट बांधलेले, लाल दोरे होते.

"राखायचं ते राखलंय," साळू म्हणाली आणि पुन्हा खड्डा उकरू लागली.

तात्पर्य : रीत पाळावी, पण ती कशासाठी आहे हे विसरू नये; एका फळाचा मान राखताना वेलही जातो आणि वेलावर जगणारेही.