सवतीची काच

जरा वर बघा. हे दीपगृह बंद झालं, आतलं यंत्र काढून नेलं, खाऱ्या वाऱ्याने काचा आंधळ्या झाल्या. पश्चिमेची तेवढी एक काच लखलखीत आहे. गावात तिला सवतीची काच म्हणतात.

फार पूर्वी इथे धाकू नावाचा बत्तीवाला होता म्हणे. त्याची बायको येसू. धाकू माणूस सरळ, पण त्याचा जीव त्या बत्तीत अडकलेला. दिवेलागणीला तो वर चढला की येसूने रांधलेलं निवून जाई. तिने नवं लुगडं नेसलं तरी त्याच्या ध्यानात येत नसे. काचेवरचा माशीएवढा डाग मात्र त्याला खालून दिसे. एकदा काच पुसायला मऊ कापड हवं म्हणून त्याने तिचं लग्नातलं लुगडं फाडलं. येसूच्या अंगाची लाही लाही झाली. शेजारणीला म्हणाली, "सवत परवडली गो. तिच्यो झिंज्यो तरी उपटूक गावल्यो असत्यो!"

असे सांगतात की, एकदा धाकू तेल आणायला होडीने पलीकडच्या बंदरात निघाला. जाताना म्हणाला, "सांजेक बत्ती लाय, काच पूस. तिका जप." तिका जप! बायकोला कधी म्हणाला होता तसं? संध्याकाळी येसूने बत्ती लावली खरी, पण तव्याची काजळी आणून पश्चिमेच्या काचेला फासली. "घे, तुझा तोंड काळा!" म्हणाली आणि खाली उतरली.

तेवढ्यात वारा फिरला. समुद्रातल्या खडकांकडून हाक आली. आवाज परत येणाऱ्या धाकूचा होता, तो बत्ती शोधत होता. धावत वर जाऊन येसूने पदराने, मग उघड्या हातांनी ती तापलेली काच पुसली. हात पोळले, पण उजेड दिसताच होडी खडकांपासून वळली.

धाकू निथळत वर आला आणि आधी बत्तीकडेच गेला. मग त्याला येसूचा काळा पदर दिसला, पोळलेले हात दिसले. खाली नेऊन त्याने तिच्या हातांना खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी येसूच काच पुसायला गेली आणि बत्तीला बजावून आली, "दर्यात तो तुझो, घरात माझो."

आजही गावात नवी सून आली की वर जाऊन पदराने ही काच पुसते आणि तेच म्हणते. तोवर नवरा खाली पाठ करून उभा. त्याने वर बघायचं नाही. बत्ती विझून वर्षं लोटली हो, पण सवतीचा भरवसा कोणी धरावा?