जिन्याखालचं पाणी

"माझ्या भावावर हात बसवून घेत हुता का तुमी?"

मोठ्या बाईंनी मान वर केली. दारात हणमंत उभा होता. डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले, डोळे लाल. नऊ वर्षांच्या शंभूचा थोरला भाऊ. शंभूचं तेरावं काल झालं होतं.

"आत ये. बस."

"बसायला न्हाई आलो. गावात लोक म्हणत्यात, तिथं शिकाऊ डॉक्टर असत्यात. गरिबाच्या पोरावर शिकत्यात. खरं का खोटं?"

"खरं."

सकाळपासून एसटीत बसून हणमंतने 'खोटं' या शब्दाला काय काय ऐकवायचं ते घोकून ठेवलं होतं. 'खरं'ला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

तो बसला.

बाई मुलांच्या किडनीच्या डॉक्टर. आयुष्य त्यातच गेलेलं. लहान मुलांचे डॉक्टर झाल्यावरही पुढे फक्त मुलांच्या किडनीचं शिकायला लांबलांबून तरुण डॉक्टर त्यांच्याकडे येत. त्यांच्या खोलीला वॉर्डाच्या बाजूने काच होती. काचेपलीकडे सहा खाटा. खिडकीजवळच्या, शंभूच्या खाटेवर आता एक मुलगी झोपली होती.

हणमंतने तिकडे पाठ केली.

"तो उंच, चष्म्याचा. त्योच हुता ना शंभूला? बोलवा त्याला."

"मारणार आहेस?"

"...बघू."

बाईंनी डॉक्टर ऋत्विजला बोलावलं. परीक्षेत पहिला आलेला, आणि तसंच चालणारा. हणमंतला पाहून तो जरा थबकला.

"ऋत्विज, हा विचारतोय, शंभूकडून तू काय शिकलास?"

ऋत्विजने चष्मा सारखा केला. रक्तातलं मीठ किती वाढलं की काय करायचं, दाब कसा उतरवायचा, एवढ्याशा मानेत डायलिसिसची नळी कशी बसवायची... तो धडाधड बोलत गेला. चुकला कुठेच नाही.

"आणखी?"

"एवढंच, बाई."

"ऐकलंत?" हणमंत उसळला. "नळी! माझा भाऊ म्हंजे नळी बसवायची जागा!"

ऋत्विजचा चेहरा उतरला. बाईंनी बेल वाजवली आणि वॉर्डातल्या मावशींना पाणी आणायला सांगितलं.

मावशींनी दोन पेले आणून ठेवले.

"घे ऋत्विज. सकाळपासून पळतोयस."

ऋत्विजने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. काचेतून त्याची नजर खाटांवर गेली... आणि काही न बोलता, पेला हातात झाकून, तो खोलीबाहेर पडला.

हणमंत त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिला.

शंभूला दिवसाला दोनच वाट्या पाणी, किडनीला जास्त झेपायचं नाही. औषधाचा घोटही त्यातलाच. तो कधी हट्ट करायचा नाही. नुसता पाणी पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला होता, "दादा, पानी पिताना तुझ्या गळ्याची घाटी लय हालती रं." त्या दिवसापासून हणमंतने वॉर्डात पाण्याला तोंड लावलं नाही. जिन्याखाली एक नळ होता. तिथे जाऊन प्यायचा.

आणि तिथे एकदा हा चष्मेवाला दिसला होता. भिंतीकडे तोंड करून घटाघटा पाणी पीत. हणमंतला वाटलं होतं, काम चुकवून दडलाय लेकाचा.

"बाई..."

"हं."

"ह्यो भायेर का गेला?"

"त्यालाच विचार. पण त्याला सांगता येईलसं वाटत नाही. आत्ता काय शिकलो ते सांगताना त्याने हे धरलंच नाही, बघितलंस ना?"

"त्याला कुणी सांगितलं?... तुमी?"

"मी पस्तीस वर्षं शिकवतेय. मला नाही सुचलं." बाईंनी खाटांकडे पाहिलं. "पहिल्या महिन्यात तो शंभूच्या खाटेशी उभा राहून बाटली तोंडाला लावून प्यायचा. एके दिवशी शंभू त्याला म्हणाला, डॉक्टर, तुमची घाटी लई हलते."

हणमंतच्या तोंडून हसू फुटलं. त्याने ते दाबायला हात वर नेला, तोवर त्याचं रडू झालं होतं.

बाईंनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. घसा कोरडा पडला होता. बाईंनी दुसरा पेला त्याच्यापुढे सरकवला.

हणमंतने तो उचलला. काचेपलीकडे खिडकीजवळची मुलगी जागी झाली होती. इकडेच बघत होती.

तो उठला. पेला हाताने झाकला आणि दाराकडे वळला.

"सावकाश जा रे," मागून बाई म्हणाल्या. "हल्ली जिन्याखाली डॉक्टरांची रांग असते."