लागत नाही

एके काळी, रंगाच्या गोळ्या झाडून लुटुपुटूची लढाई खेळायच्या मैदानावर एक जुनं जाकीट होतं. मोठ्या गोळ्या त्याच्यावर फुटून रंग सांडत, पण जोरात लागत. एकदा नव्या बारीक गोळ्या आल्या. "आम्ही लागतच नाही," त्या म्हणाल्या.

जाकिटाला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यानं विचारलं, "लहान आहात, ते ठीक. पण बायांनो, तुम्ही फुटता का?"

"तुमची धुलाई वाचेल, आणखी काय हवं?" गोळ्या हसल्या.

त्या दिवशी जाकीट इरावती नावाच्या खेळाडूनं घातलं होतं. खेळात गोळ्या तिच्यावर टणाटण आदळल्या आणि उसळून गवतात पडल्या. जाकीट कोरं करकरीत राहिलं. मैदानाचा मालक खुशीत म्हणाला, "बघा, इरावतीताईंना एकही लागली नाही."

इरावतीनं जाकीट उतरवलं, तेव्हा त्याला तिच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले. लागला नव्हता तो फक्त रंग.