शिलास पाळकाची हाक

खडकवाडगावात प्रार्थनेचं घर अजून कुडाचं होतं, त्या वेळची ही गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला शिलास नावाचा पाळक होता. मंडळीत कुणी चुकलं तर तो चारचौघांत कधी बोलला नाही. चुकणाऱ्याच्या घरी जायचा, आधी त्याच्याकडची भाकरी खायचा आणि मग हलकेच समजावायचा. पण ते सांगणं मनात घेऊन निघाला की त्याची पावलं कोरड्या जमिनीत घोट्यापर्यंत रुतायची, असं म्हणतात. ज्यांनी पाहिलं नाही ते तर जास्तच ठासून म्हणतात.

शिलास मूळचा गावचा नव्हे. पटकीच्या साथीत एक वाटसरू बाई चावडीजवळ मरून पडली, तिच्या कुशीत हा सापडला. सलोमीबाईनं त्याला उचललं, आपल्या लेकीबरोबर अंगावर पाजलं. तो तिलाच आई म्हणे. मंडळीत तिचा मोठा दरारा. प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळे एकाच प्याल्यातून घेत, तो प्याला सगळ्यांत आधी तिच्याकडे जाई.

मग खालच्या वस्तीतलं एक कुटुंब बाप्तिस्मा घेऊन आलं. त्या रविवारी शिलासनं प्याला आधी त्यांच्यातल्या ठकूबाईला दिला. तिनं घोट घेऊन पुढं केला, तेव्हा सलोमीबाईनं पदरानं ओठ झाकले आणि प्याला तसाच पलीकडे सारला. ठकूबाईची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शिलास निघाला. सलोमीबाईचं घर हाकेच्या अंतरावर, पण पोचायला दुपार झाली. गुडघ्यापर्यंत रुतत होता, असं म्हणतात. तिनं भाकरी वाढली. त्यानं घास मोडला आणि ताटातच ठेवला.

"आई, तू काल प्रभूलाच नको म्हणालीस," तो म्हणाला. "ठकूबाईची माफी माग. मी येतो तुझ्यासंगं."

ती म्हणाली, "तुला पाजताना मी तुझी जात विचारली नव्हती रे."

"मग आता तिची का विचारतेस?"

तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि तो बाहेर पडताच कडी लावली.

त्यानंतर ती मंडळीत आली नाही. दर प्रभुभोजनाला शिलास प्याला घेऊन आधी तिच्या दाराशी जाई, हाक मारी. आतून पावलं दारापर्यंत येत आणि थांबत. तो बरोबर होता, हे अख्खं गाव मानत होतं. त्या बरोबर असण्यानं त्याच्या जिवाला काडीचा आराम मिळाला नाही.

एका रविवारी पावलंही आली नाहीत. दार फोडलं, तर ती दाराला टेकूनच बसलेली, अंग गार. शेवटची आंघोळ तिला ठकूबाईनं घातली. त्या दिवसापासून त्या प्याल्यातला द्राक्षरस कडू झाला, असं म्हणतात.

आता ते घर पडलंय, उंबरा तेवढा उरलाय. तरी प्रभुभोजनाच्या रविवारी जो पाळक असेल तो प्याला घेऊन आधी तिथं जातो. शिलासच्या नावानं विचारतो, "आई, येतेस का?" मंडळी मागे उन्हात उभी असते. उत्तर येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण परत फिरायची घाई कुणी करत नाही.